बिडाचे जुने गल्ले: खेळणं, अडगळ की लोककला?

अडगळप्रेमी

मंडळी, नमस्कार. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, आज मुहूर्त लागला.

विषय आहे अमेरिकेतले बिडाचे जुने गल्ले. साधारण १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत इथे मुलांसाठी ओतीव लोखंडाचे गल्ले प्रचंड प्रमाणात निघाले. घर, हत्ती, डुक्कर, सिंह असा आकार आणि पाठीवर खाच, म्हणजे पैसा टाकला की काम संपलं, त्यांना संग्राहक 'स्टिल बँक' म्हणतात. आणि नाणं ठेवून कळ दाबली की काहीतरी घडतं ते 'मेकॅनिकल बँक'. मी राहते कनेटिकटमध्ये. माझ्या घरापासून क्रॉमवेल हे गाव जवळ आहे. १८४३ साली तिथे सुरू झालेली जे. अँड ई. स्टीव्हन्स कंपनी या धंद्यातली सगळ्यात मोठी. जॉन हॉल या गृहस्थाने १८६९ मध्ये 'एक्सेलसियर' नावाच्या गल्ल्याचं पेटंट घेतलं आणि स्टीव्हन्सने तो बाजारात आणला. बंगलीच्या दारावरची दोरी ओढली की छपराचा घुमट उघडतो आणि आतून टेबलाशी बसलेला माकड कॅशियर वर येतो! त्याच्या टेबलावर नाणं ठेवलं की त्या वजनाने तो पुन्हा आत जातो. बँकेचा कॅशियर माकड दाखवायची कल्पना ज्याला सुचली त्याला माझा दंडवत.

पण माझा लाडका तो 'टॅमनी बँक'. हॉलचाच, १८७३ च्या पेटंटचा. एक गलेलठ्ठ पुढारी खुर्चीत बसलाय, वेस्टकोटची बटणं ताणली गेलीत, एक हात पुढे पसरलेला. तळहातावर नाणं ठेवा. कळ नाही, स्प्रिंग नाही, नाण्याच्या नुसत्या वजनाने हात खाली येतो, नाणं थेट कोटाच्या खिशात सरकतं आणि साहेब मान डोलावतात. आभार मानून. खुर्चीच्या बाजूला नाव ओतलेलं: टॅमनी बँक. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय गटाचा पुढारी 'बॉस' ट्वीड, त्याला १८७३ सालीच भ्रष्टाचारासाठी शिक्षा झाली होती. म्हणजे बातमी ताजी असतानाच लोकांनी त्याचं खेळणं करून पोरांच्या हातात दिलं.

माझं म्हणणं असं, की ही लोककला आहे. त्या काळच्या सामान्य माणसाचा विनोद, राग, भीती, हौस सगळं या दीड-दोन किलोच्या लोखंडात आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि भारतात कोणी असं काही पाहिलंय का?

पेठकर

शीर्षक वाचून वाटलं गल्ल्यावर बसणाऱ्या एखाद्या शेठजीवर धागा आहे. लेख आवडला. तो मान डोलावणारा पुढारी आमच्या वॉर्डात निवडून येईल. फक्त नाण्याने त्याचा हात हलणार नाही.

निळीजांभूळ

हसून हसून पुरे वाट, पेठकर. अडगळप्रेमीताई, फोटो टाका ना.

तिरसट_काका

लेख छान, पण मुद्दा पटला नाही.

पेटंट नंबर आहे, कारखाना आहे, छापील कॅटलॉग आहे, दुकानदाराला डझनाच्या भावाने माल जातो. यात 'लोक' कुठे आले? लोककलेत कारागीर ज्याच्यासाठी करतो त्याला ओळखत असतो. सावंतवाडीचा चितारी, जेजुरीला टाक घडवणारा, बस्तरचा पितळ ओतणारा घडवा. यांचा माल परंपरेतून येतो, वकिलाकडून नाही. जुनं झालं आणि गंजलं की प्रत्येक वस्तू लोककला व्हायला लागली तर उद्या माझी बजाज चेतक पण संग्रहालयात जाईल.

कट्टेकरी

काका, चेतक ऑलरेडी लोककलाच आहे. तिरकी करून स्टार्ट करायची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या मौखिक होती.

ओतारी_कोल्हापूर

आमचा धंदाच बिडाचा आहे, शिरोलीला फौंड्री. त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं जमणार नाही.

काकांचं 'कारखाना म्हणजे कला नाही' हे लांबून ठीक वाटतं. जवळून काय होतं ते सांगतो. असा गल्ला एका तुकड्यात ओतत नाहीत. डावी बाजू, उजवी बाजू, तळ, हात, डोकं, आतल्या पट्ट्या, सगळं वेगवेगळं. प्रत्येक भागाचा पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचा नमुना, लागतो. आधी कोणीतरी तो लाकडात किंवा मेणात हाताने कोरतो. त्यावरून पितळेचा पॅटर्न होतो, कारण रोज वाळूत दाबून लाकूड टिकत नाही. यात मेख अशी की धातू थंड होताना आकसतो. बीड ढोबळमानाने फुटाला एक अष्टमांश इंच, म्हणजे टक्काभर. पितळ त्याहून जास्त. लाकडावरून पितळ आणि पितळावरून बीड, असा दोनदा आकस धरून कोरणाऱ्याला मूळ आकृती मोठी काढावी लागते. पुढाऱ्याचं नाक, बोटं, कोटाची घडी हे सगळं त्या हिशेबाने. शिवाय प्रत्येक उंचवट्याला उतार द्यायचा, नाहीतर पॅटर्न काढताना वाळू फाटते. या सगळ्या अटी पाळून चेहऱ्यावर लबाडी आणायची! आमच्याकडे पंपाची बॉडी ओततात, तिला चेहरा नसतो, तरी पॅटर्नमेकर सकाळी दोनदा चहा घेतल्याशिवाय हात लावत नाही.

ताईंनी टाकलेल्या फोटोंत (व्यक्तिगत निरोपातून बघितले, धन्यवाद) जोडाची रेघ जवळजवळ दिसत नाही. जाडी पाव इंचापेक्षा बरीच कमी वाटते. एवढं पातळ बीड साच्याच्या टोकापर्यंत पोचायचं तर ते पाण्यासारखं पळायला हवं. त्यात फॉस्फरस जास्त असला की ते तसं पळतं, पण ठिसूळ होतं. म्हणून असला गल्ला हातातून पडला की पोचा येत नाही, सरळ तुकडा उडतो.

अडगळप्रेमी

ओतारीसाहेब, हे कुठल्याही कॅटलॉगमध्ये इतकं नीट वाचलं नव्हतं. खरंच आभार.

काका, तुमच्या आक्षेपाला धरून एक गोष्ट. मंदीच्या काळात, १९३५ ते १९४२, अमेरिकन सरकारने बेकार चित्रकारांना काम द्यायला 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन' नावाचा प्रकल्प चालवला. देशभरातल्या साध्यासुध्या वस्तूंची अतिशय बारकाईने जलरंगात चित्रं काढायची: गोधड्या, बाहुल्या, वाऱ्याची दिशा दाखवणारे पत्र्याचे कोंबडे, मातीची भांडी. अशी १८ हजारांच्या आसपास चित्रं झाली, आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. त्यात हे गल्लेही आहेत. म्हणजे हातशिलाईच्या गोधडीशेजारी पेटंटवाला गल्ला बसवायला त्या लोकांना संकोच वाटला नाही.

तिरसट_काका

सरकारने यादीत घातलं म्हणून मी मान्य करायचं? मी आयुष्यभर सरकारी खात्यात होतो हो. यादीत काय काय घालतात ते माझ्यासमोरच टाइप व्हायचं.

गावठी_वकील

पेटंटविषयी दोन शब्द, कारण काकांनी आमच्या व्यवसायाचा उद्धार केलाय.

पेटंट होतं म्हणूनच आज आपल्याला या कारागिरांची नावं माहीत आहेत. फिलाडेल्फियाचा जेम्स बोवेन, कनेटिकटचा चार्ल्स बेली. बोवेनचा १८७७ चा 'क्रीडमूर' गल्ला पाहा: शिपायाच्या बंदुकीवर नाणं ठेवायचं, त्याचा पाय दाबायचा, नाणं उडून समोरच्या झाडाच्या बुंध्यातल्या खाचेत. याच युक्तीवर पुढे रसेल फ्रिस्बीने १८९६ चा 'विल्यम टेल' काढला. आपल्याकडच्या उत्तमोत्तम अडकित्त्यांवर घडवणाऱ्याचं नाव शोधून सापडत नाही. निनावी असणं ही लोककलेची अट मानली तर तो कारागिरावर अन्यायच.

आणि खरेदी करणाऱ्यांसाठी: तळाशी ओतलेली तारीख पेटंटची असते. तो नग पुढची २०-३० वर्षं निघत राहिलेला असू शकतो. विक्रेते ती तारीख दाखवून भाव सांगतात.

पेठकर

अडकित्त्यांचा विषय निघाला म्हणून, पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचं दालन कोणी बघितलंय का? मोर, घोडेस्वार, मिठी मारलेलं जोडपं. सुपारी कातरताना त्यांची हालचाल होते. वज्री पण तशाच, पाय घासायच्या वस्तूवर हत्ती आणि पोपट. मला दोन्हीकडे एकच खोडसाळपणा दिसतो, रोजच्या कामात जराशी गंमत घालायचा. फरक एवढाच की इथे एकेक नग, तिथे हजारो.

रानजाई

उशिरा आले. धागा वाचतेय, आवडतोय, पण एका गोष्टीवर सगळे गोड गोड बोलताय म्हणून लिहिते.

या गल्ल्यांतला फार मोठा भाग उघडउघड वंशद्वेषी आहे. सगळ्यात जास्त खपलेल्यांपैकी एक म्हणजे कृष्णवर्णीय माणसाचा अर्धपुतळा: लालभडक ओठ, हातावर नाणं ठेवून खांद्यामागची कळ दाबली की ते तो गिळतो आणि डोळे फिरवतो. बफेलोच्या शेपर्ड हार्डवेअर कंपनीने १८८२ च्या पेटंटवर काढला, मग इंग्लंडमध्येही निघाला. त्याचं नावच शिवी आहे, मी इथे लिहिणार नाही. १८८२ मध्येच स्टीव्हन्सने चिनी माणसाचा गल्ला काढला, ओंडक्यावर पहुडलेला, हात हलला की पत्त्यांतले एक्के दिसतात, म्हणजे फसवा. त्याच वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी घालणारा कायदा केला. आयरिश माणूस डुकराला धरून बसलाय, तोही गल्ला त्याच वर्षीचा.

ताई म्हणतात 'सामान्य माणसाचा विनोद, राग, भीती'. बरोबर, पण हा राग कोणावर? पोराने रोज एक पैसा टाकायचा आणि रोज एका माणसाचा अपमान बघून हसायचं. काटकसरीबरोबर हेही शिकवलं जात होतं. याचं 'रसग्रहण' कसं करायचं?

निळीजांभूळ

रानजाईला +१. हे माहीतच नव्हतं. राल्फ एलिसनच्या १९५२ च्या 'इनव्हिजिबल मॅन'मध्ये नायक असाच गल्ला फोडतो आणि तुकडे टाकून द्यायला जातो, तर कुणी ना कुणी ते त्याला परत आणून देतं. तो प्रसंग वाचताना गल्ला नेमका कसा दिसत असेल कळत नव्हतं. आता कळलं, आणि जास्त त्रास झाला.

अडगळप्रेमी

रानजाई, हे मीच मूळ लेखात लिहायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, पण मी ते धाग्यात यावं म्हणूनच थांबले होते. एकटीने दोन ओळींत उरकण्यासारखं ते नाही.

माझं मत: हे गल्ले लोककला आहेत म्हणजे ते निर्मळ आहेत असं नाही. लोक निर्मळ नसतात. आपल्या म्हणींतून जातीजातींवर काय काय म्हटलंय ते आठवा, त्या काय लोकवाङ्मय नाहीत? मिशिगनमध्ये फेरिस स्टेट विद्यापीठात जिम क्रो म्युझियम आहे, डेव्हिड पिल्ग्रिम या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने स्वतःच्या संग्रहातून उभं केलेलं. तिथे असल्या वस्तू मुद्दाम मांडल्यात, त्यांच्यावर बोलण्यासाठी. मी स्वतः तसा एकही नग घरात ठेवत नाही, कारण माझ्या बैठकीच्या खोलीत तो मांडला की ती फक्त शोभा होते. ब्रिमफील्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मात्र दर वेळी दिसतात, आणि बरेचसे नवे ओतलेले असतात. जुन्याचं मी समजू शकते. आज नवीन ओतणाऱ्याचं काय?

रानजाई

'लोक निर्मळ नसतात' हे मान्य. पण मग 'आजीच्या काळची गोड वस्तू' असा सूर लावणाऱ्या लिलावांच्या जाहिरातींवरही असंच लिहा कधीतरी.

कट्टेकरी

गंभीर चर्चेत घुसतोय, माफी. पुण्याच्या जुन्या बाजारात गेल्या रविवारी असाच एक प्रकार बघितला. विदूषक हातात रिंग घेऊन उभा, समोर कुत्रा, पलीकडे पिंप. विक्रेता म्हणाला 'ब्रिटिशकालीन, साहेबाच्या बंगल्यातला', अडीच हजार. कुत्रा खरंच रिंगमधून उडी मारून पिंपात नाणं टाकतो! घ्यावा का?

अडगळप्रेमी

हा 'ट्रिक डॉग'. आधी शेपर्डने काढला, नंतर पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या हबली कंपनीने कित्येक वर्षं. ब्रिटिशांशी काही संबंध नाही. याच्या नकलाही भरपूर. त्यामुळे आधी तपासा:

उलटा करून बघा. जुन्याचे दोन्ही अर्धे भाग नीट मिटतात, फटीत नख जाऊ नये. नकलेत फट, वाकडेपणा, खरखरीत पृष्ठभाग.

रंग. जुना रंग जिथे हात लागतो तिथे झिजतो, म्हणजे कळ, डोकं, कडा. सगळीकडे सारखाच 'झिजलेला' असेल तर कोणीतरी पॉलिश पेपर मारलाय.

तळावर 'बुक ऑफ नॉलेज'चा उल्लेख ओतलेला असेल तर ती १९५० च्या दशकात सुरू झालेली अधिकृत प्रतिकृती. चांगली असते, पण जुनी नाही.

आणि कृपा करून काहीही झालं तरी पुन्हा रंगवू नका. मूळ रंगाचे चार पोपडे नव्या कोऱ्या रंगापेक्षा मोलाचे. शेपर्डचा रंग सगळ्यांत देखणा, पण खाली अस्तर न देता मारायचे म्हणून पोपडे लवकर धरतो.

ओतारी_कोल्हापूर

यात आमच्या बाजूने भर. नक्कल करणारा नवा पॅटर्न कोरत बसत नाही. जुना गल्लाच उघडून त्याचे भाग वाळूत दाबतो. म्हणजे पुन्हा टक्काभर आकस. मूळ तळ २० सेंटिमीटर असेल तर नकलेचा १९.८. अस्सल नगाच्या तळाची कागदावर काढलेली बाह्यरेषा मिळाली तर त्यावर ठेवून बघा, लगेच कळतं. बारीक नक्षीही बोथट होते, नाणं जायच्या खाचेच्या कडा आधी बघा. आणि ॲल्युमिनियम असेल तर चुंबक चिकटणार नाही, हे सांगायला फौंड्रीवाला लागत नाही.

गावठी_वकील

आणि स्क्रू! फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकातला. साहेबाच्या बंगल्यात तो आधी कसा पोचला, हे विक्रेत्याला विचारा.

पेठकर

अवांतर: पोरं खरंच साठवायची का? आम्ही मातीच्या गल्ल्यातून केसाच्या पिनेने नाणी काढायचो. नंतर एका बँकेने लोखंडी डबी दिली, तिची किल्ली बँकेतच. बचत कमी, तुरुंग जास्त.

अडगळप्रेमी

पेठकर, इथेही बहुतेक जुन्या गल्ल्यांच्या तळाचं झाकण गायब असतं. १०० वर्षांपूर्वीच्या कोणीतरी घाईत काढून फेकलेलं.

पण एक विचार येतो. यात नाणं टाकण्याचं बक्षीस लगेच मिळतं. १८८३ चा 'ईगल अँड ईगलेट्स' बघा. गरुडाच्या चोचीत नाणं, कळ दाबली की ती घरट्याकडे वाकते, पिल्लं वर येतात आणि आतला छोटासा भाता चिवचिव करतो. भाता चालू असलेला नग मिळाला तर नशीब. ते ऐकायला पोरगं घरातली सगळी नाणी घालेल! साठवण्याचा उपदेश बाजूलाच राहिला, इथे चक्क करमणुकीचं तिकीट विकलं जात होतं.

अवांतराला अवांतर: या गल्ल्यांच्या नामांकित संग्राहकांत एडविन मोस्लर होता, मोस्लर तिजोरी कंपनीचा. दिवसा तिजोऱ्या, रात्री गल्ले.

निळीजांभूळ

भाव काय असतो खऱ्यांचा?

अडगळप्रेमी

साधे स्टिल बँक हजाराच्या आतबाहेर रुपयांपासून सुरू... नाही, नीट सांगते. साधा, झिजलेला नग जेवणाच्या बिलाएवढ्या डॉलरांत मिळतो. वर मात्र मर्यादा नाही. २००७ मध्ये मॉर्फीच्या लिलावात एकाच संग्रहाचे ७० लाख डॉलरच्या वर आले. मुळात मुलांच्या हातात द्यायला साधारण डॉलरभराला विकली जाणारी वस्तू.

तिरसट_काका

सगळं वाचलं. ओतारींचा प्रतिसाद दोनदा वाचला.

माझं आता म्हणणं असं आहे: जो पॅटर्न कोरला गेला ती कला. त्याला लोककला म्हणा, माझी हरकत मागे घेतो. त्यानंतर वाळूतून जे हजारो निघाले तो माल. तुम्ही ज्यासाठी लाखो डॉलर मोजता ते मालाचं दुर्मीळ होणं आहे, त्याला कलेचं नाव देऊ नका.

ओतारी_कोल्हापूर

काका, मग रंग? प्रत्येक नग हाताने रंगवायचे. दोन टॅमनी शेजारी ठेवले तर एकाच्या भुवया वर, दुसऱ्याच्या खाली. एक बेरकी वाटतो, एक झोपाळू. ते कोणाचं, पॅटर्नचं की रंगवणाराचं?

तिरसट_काका

भुवयांपुरतं मान्य.

अडगळप्रेमी

काकांकडून भुवया मिळाल्या, धागा सार्थकी.

पण तुमची वाटणी मला मान्य नाही बरं का. छापखान्यातून निघालेलं लाकूडठसा-चित्र आपण माल म्हणत नाही. ठसा जपून ठेवला आणि चित्रं फेकली असं कोणी करत नाही. हे गल्ले एकट्याने बघायची वस्तूच नव्हती, ते घराघरांत होते म्हणून ट्वीडवरचा विनोद विनोद झाला. हजारो असणं हाच त्यांच्या लोककला असण्याचा भाग आहे.

रानजाई

आणि त्याच कारणाने त्या दुसऱ्या गल्ल्याचं विष विष झालं. दोन्ही एकत्र घ्या.

अडगळप्रेमी

हो. दोन्ही एकत्र.

कट्टेकरी

रिपोर्ट: बुधवारी परत गेलो. चुंबक चिकटलं. उलटा केला तर तळाला दोन फुलीचे स्क्रू, जोडाच्या फटीत माझं नख तर गेलंच, एटीएम कार्डही गेलं असतं. विक्रेत्याला वकीलसाहेबांचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, 'साहेबांनी दुरुस्त करून घेतला होता.' आठशेला द्यायला तयार झाला. घेतला! भाची सकाळपासून कुत्र्याला उड्या मारायला लावतेय, माझ्या पाकिटातली सुट्टी नाणी संपली.

गावठी_वकील

आठशे ठीक आहे. पावती घ्यायची होती, 'ब्रिटिशकालीन' असं लिहून.